अमेरिकेत अम्ब्रेला पॉलिसी घ्यावी का? मदत हवी आहे

सायली_म
घरविम्याचे नूतनीकरण करताना एजंटने दहा लाख डॉलरची अम्ब्रेला पॉलिसी (आपल्यामुळे कोणाचे नुकसान झाले तर मोटार आणि घरविम्याच्या मर्यादेपुढची भरपाई देणारा जादा विमा) सुचवली असून वार्षिक हप्ता सुमारे ३०० डॉलर पडेल, असे तो सांगतो. आपल्याकडे काही गडगंज संपत्ती नाही, तेव्हा आपल्यावर दावा लावून कोणाच्या हाती काय लागणार, असे नवऱ्याचे म्हणणे आहे. शुक्रवारपर्यंत कळवायचे आहे. ज्यांनी ही पॉलिसी घेतली आहे किंवा विचारपूर्वक नाकारली आहे, त्यांनी घ्यावी की नाही एवढेच कृपया सांगावे.

पार्सिपनीकर
एवढ्या माहितीवर कोणी ‘घ्या’ म्हटले तरी त्यावर विसंबू नका. राज्य कोणते, गाडी कोण कोण चालवते, घरी कुत्रा, पोहण्याचा तलाव किंवा ट्रॅम्पोलिन आहे का, आणि मुख्य म्हणजे सध्याच्या मोटार विम्यात लायबिलिटीची, म्हणजे दुसऱ्याला द्याव्या लागणाऱ्या भरपाईची, मर्यादा किती, हे आधी लिहा. संपत्ती कमी म्हणून धोका कमी, हा हिशेब अर्धवट आहे. वसुली पुढच्या पगारातूनही होऊ शकते.

मुक्काम_डॅलस
माझे स्पष्ट मत : घेऊ नका. टेक्सासमध्ये राहते घर होमस्टेड म्हणून जप्तीपासून सुरक्षित असते, नुकसानभरपाईच्या निकालापोटी पगार जप्त होत नाही आणि ४०१(के) या निवृत्तीच्या बचत खात्याला केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे. उलट मोठी पॉलिसी असल्याचे कळले की समोरचा वकील आकडा फुगवतो. तेच पैसे इंडेक्स फंडात टाका.

नीलाक्षी
डॅलसकर, टेक्सासचे नियम साऱ्या अमेरिकेला लावू नका. आमच्या न्यू जर्सीत राज्याच्या कायद्यात तसे होमस्टेड संरक्षण नाही आणि पगाराचा काही हिस्सा जप्तही होतो. वकील आकडा फुगवतो हे मान्य, परंतु त्याच्याशी झुंजायला विमा कंपनी आपल्या बाजूने वकील उभा करते आणि बहुतेक अम्ब्रेला पॉलिसींत तो खर्च विम्याच्या रकमेतून वजा होत नाही. तुमचा इंडेक्स फंड कोर्टात उभा राहणार आहे काय?

कोकणचा_राजा
सासू-सासरे येणार असतील तर व्हिजिटर इन्शुरन्समधले पूर्वीच्या आजारांविषयीचे कलम नीट वाचा. माझ्या वडिलांच्या वेळी कंपनीने मधुमेहाकडे बोट दाखवून हात वर केले होते.

सायली_म
राजे, आभार, परंतु आमच्याकडे कोणीही येणार नसून प्रश्न तो नाहीच.
आम्ही न्यू जर्सीतच आहोत. मुलाला सतरा पूर्ण झाल्यावर प्रोबेशनरी लायसन्स मिळाले असून नंबर प्लेटवर लाल स्टिकर लावून तो माझ्या नावावरची गाडी शाळेत नेतो. मागच्या अंगणात ट्रॅम्पोलिन आहे आणि शेजारची मुले त्यावर येतात. मोटार विम्याच्या डिक्लरेशन पानावर बॉडिली इंज्युरीपुढे (दुसऱ्यांना झालेली शारीरिक इजा) १००/३००, म्हणजे एका जखमीसाठी एक लाख आणि एका अपघातातील सर्व जखमींसाठी मिळून तीन लाख डॉलर, आणि घरविम्यात पर्सनल लायबिलिटीपुढे १,००,००० असे छापले आहे. दोन्ही विमे वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. पुण्यात एक फ्लॅट आहे, त्याचाही विचार करावा लागेल का?

पार्सिपनीकर
सतरा वर्षांचा चालक आणि ट्रॅम्पोलिन या दोन गोष्टी पहिल्याच पोस्टमध्ये असत्या तर डॅलसकरांचा इंडेक्स फंड टळला असता. माझे उत्तर ‘घ्या’ असे आहे, परंतु ३०० डॉलरमध्ये भागेल असे समजू नका. अम्ब्रेला देणाऱ्या कंपन्या साधारणपणे मोटार विम्यात २५०/५०० आणि घरविम्यात ३,००,००० डॉलरची मर्यादा आधी मागतात. तुमच्या १००/३०० वर तशीच पॉलिसी चढवली आणि एका जखमीला ४,००,००० डॉलर द्यायची वेळ आली, तर पहिले १,००,००० मोटार विमा देईल, अम्ब्रेला २,५०,००० च्या पुढचे देईल आणि मधले १,५०,००० तुमच्या खिशातून जातील. म्हणून दोन्ही विमे वाढवून एकूण हप्ता किती होतो, हे एजंटकडून लेखी घ्या. मुलाचे नाव चालक म्हणून नोंदवले आहे ना, हेही पाहा.

मुक्काम_डॅलस
पुण्याच्या फ्लॅटची काळजी करू नका. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली अमेरिका परस्पर अंमलबजावणीच्या देशांत येत नाही, त्यामुळे इथला निकाल घेऊन कोणी थेट पुण्यात जप्ती आणू शकत नाही.

नीलाक्षी
थेट नाही, हे खरे. पण त्या निकालाच्या आधारे भारतात नवा दावा लावता येतो, आणि निकालानंतर इथल्या कोर्टाने मालमत्तेची यादी मागितली तर तो फ्लॅट लपवताही येत नाही.
सायलीताई, ट्रॅम्पोलिनविषयी आधी घरविमा कंपनीलाच विचारा, कारण काही कंपन्या ते सरळ वगळतात आणि मग अम्ब्रेलाही अनेकदा हात झटकते. दुसरे असे की दुसऱ्याच्या चुकीने तुम्हीच जखमी झालात तर अम्ब्रेला एरवी उपयोगी पडत नाही. १ जानेवारी २०२६ पासूनही न्यू जर्सीतली नेहमीच्या मोटार पॉलिसीची किमान मर्यादा ३५/७० एवढीच आहे, म्हणजे समोरच्या चालकाकडे तेवढाच विमा असू शकतो. तेव्हा आपल्या मोटार विम्यातली अनइन्शुअर्ड आणि अंडरइन्शुअर्ड मोटरिस्टची (समोरच्याचा विमा नसेल किंवा अपुरा असेल तर आपल्याला मिळणारी) रक्कमही सोबतच वाढवून घ्या.

सायली_म
एजंटला आत्ताच विचारले. मोटार विमा २५०/५०० करण्याचा आकडा तो उद्या देणार आहे, आणि ट्रॅम्पोलिनबद्दल घरविमा कंपनीला भोवतीच्या जाळीचा फोटो हवा आहे. जाळी एका बाजूने फाटली आहे, ती बदलेपर्यंत शेजारच्या मुलांना येऊ देत नाही. नवरा अजून ‘नको’वरच आहे, त्याला हा धागा वाचायला दिला आहे.