घाटात क्लच स्लिप होतोय, प्लेटा उघडायच्या आधी काय काय बघू?

नमस्कार मंडळी. गाडी 150 सीसीची, 2016 ची, रनिंग 61,000. क्लच नेहमीचाच, ऑइलात बुडालेला, केबलवर चालणारा. आतल्या प्लेटा नव्या गाडीसोबत आल्या त्याच आहेत, एकदाही बदललेल्या नाहीत.

आमचं गाव साताऱ्याहून कासकडे जाणाऱ्या रस्त्याला, यवतेश्वरचा घाट चढून वर. सकाळी दुधाचे दोन कॅन घेऊन खाली उतरतो आणि येताना सरकी पेंडेचं 50 किलोचं पोतं मागे बांधून आणतो. उतरताना काहीच जाणवत नाही. चढाला लागलो की मात्र तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली की इंजिन नुसतं ओरडतं. आरपीएमचा काटा 5,000 वरून 6,500 वर जातो, गाडी 35 च्या पुढे सरकत नाही. दुसऱ्यात टाकली की ओढते. पहिली दोन-तीन वळणं बरी जातात, इंजिन तापलं की सुरू. परवा वर पोचून पोतं उतरवताना करपल्यासारखा वास आला. अ‍ॅव्हरेजही 48 चं 41 वर आलंय.

मिस्त्रीला दाखवली. त्याने दोन मिनिटं रेस करून बघितली आणि सांगितलं, प्लेटा, स्प्रिंगा, घंटी (प्लेटा ज्यात बसतात ते बाहेरचं भांडं), हब (त्यांच्या मधला भाग), सगळं बदलावं लागेल, 4,500 रुपये. दुधाचा पगार दहा दिवसांनी होतो, त्यातला निम्मा यातच जाईल. खरंच गेलं असेल तर घालीन, पण नुसत्या अंदाजावर नको. गेल्या महिन्यात दोनच कामं झालीत: केबल तुटली म्हणून नवी टाकली (मीच टाकली) आणि ऑइल बदललं. चुलतभावाच्या कारचं 5डब्ल्यू30 लिटरभर उरलं होतं, सीलबंद, तेच भरलं.

प्रतिसाद
केबलचा प्ले, म्हणजे मोकळीक, बघ आधी. फुकटचं काम आहे.

प्रतिसाद
दादा, तुमची शेवटची ओळ वाचली आणि थांबलो. त्या डब्यावर मागे गोल शिक्का असेल, त्यात खालच्या बाजूला 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' लिहिलंय का बघा. असेल तर ते आजच काढा. कारचा क्लच ऑइलच्या बाहेर, कोरडा असतो, म्हणून त्या ऑइलात घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली चालतात. आपल्या गाडीत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलात. प्लेटांनी एकमेकींना धरायचं आणि ऑइलने त्यांना सोडायला लावायचं, असं होतं. मोटरसायकलला डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए2' (ऑइलचं जपानी मानक) असलंच पाहिजे. 'एमबी' स्कूटरचं, त्यांचा क्लच कोरडा.

बाकी क्रमाने जा. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवून लिव्हरच्या टोकाशी 10 ते 20 मिमी मोकळीक राहते का बघा. नवी केबल टाकताना लोक ताणून बसवतात, मग लिव्हर सोडला तरी प्लेटा पूर्ण दाबल्या जात नाहीत. लिव्हरजवळचा अ‍ॅडजस्टर संपला असेल तर इंजिनाजवळचा फिरवा. मग पुढचं चाक भिंतीला टेकवा, तिसरा गिअर टाका, थोडी रेस देऊन क्लच सोडा. इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर स्लिप नक्की. एकदाच करा, पुन्हा पुन्हा केलंत तर उरल्यासुरल्या प्लेटाही जळतील.

हे सगळं करूनही राहिलं तरच उघडा. घंटी आणि हब स्लिपमुळे सहसा जात नाहीत, ते न बघता बदलू नका.

धागाकर्ता
काका, शिक्का आहे, आणि त्यात तेच लिहिलंय. लिव्हरला मोकळीक अजिबात नव्हती, 12 मिमी ठेवली. ऑइल काढून 'एमए2' चं भरलं. 150 किमी चालवलं. फरक पडला, पण गाडी तापली की पोत्यासकट स्लिप आहेच. भिंतीला लावून बघितलं, इंजिन बंद पडलं नाही.

म्हणून रविवारी सकाळचं दूध घालून आल्यावर उघडलं. गाडी साइड स्टँडवर डावीकडे कलंडते आणि कव्हर उजवीकडे, त्यामुळे ऑइल काढावं लागलं नाही. जुनं पॅकिंग चिकटून बसलं होतं, तेच ब्लेडने खरवडण्यात अर्धा तास गेला.

आत क्लच प्लेटा पाच, लोखंडी चार. क्लच प्लेटांवरचे अस्तराचे तुकडे काळे पडलेले, मधल्या खाचा जवळजवळ बुजलेल्या, नख फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं. दुकानातल्या नव्या प्लेटेला व्हर्निअर लावला, 3.0 मिमी. माझ्या 2.6, 2.6, 2.5, 2.6, 2.5. स्प्रिंगा नव्यांपेक्षा दीड मिमी आखूड. लोखंडी प्लेटा एकेक करून आरशाच्या काचेवर ठेवल्या. तीन सपाट बसल्या. चौथीवर निळा डाग आणि एका बाजूने दाबली की दुसरी बाजू उचलते, खालून 0.3 मिमीचा फिलर (फट मोजायची पातळ पट्टी) सरळ आत गेला.

क्लच प्लेटांचा सेट, चार स्प्रिंगा, एक लोखंडी प्लेट आणि पॅकिंग, सगळं मिळून 1,150 रुपये. नव्या प्लेटा रात्रभर नव्या ऑइलात बुडवून ठेवल्या, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच चढाला जळतात असं दुकानदाराने बजावलं होतं. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. आज पोतं घेऊन घाट चढलो. तिसऱ्या गिअरमध्ये, वरपर्यंत, काटा गाडीबरोबरच चढला. काका, ऑइलचं तुम्ही नसतं सांगितलं तर नव्या प्लेटाही मी त्याच ऑइलात घातल्या असत्या.

आता एकच राहिलं. घंटीच्या बोटांवर, जिथे प्लेटांचे कान टेकतात तिथे, बारीक खाचा पडल्यात, नख अडकतं इतक्या. स्लिप नाही, पण सकाळी थंड गाडीला पहिला गिअर टाकला की खाड्कन आवाज येऊन गाडी पुढे झटका घेते. या खाचा बारीक कानशीने सारख्या करून चालतं का, की घंटी बदलावीच लागते? कोणी स्वतः घासून नंतर हजारभर किमी गाडी चालवली असेल तर सांगा. माझ्याकडे एक जास्तीचं पॅकिंग आहे, पुन्हा उघडायची तयारी आहे.

प्रतिसाद
मी घासलंय. दोन्ही बाजूंची बोटं सारखीच घासली गेली पाहिजेत, नाहीतर एकाच प्लेटेवर सगळा भार येतो. बुरादा आत पडू देऊ नका, घंटी बाहेर काढूनच घासा, धुऊन मग बसवा. खाच अर्ध्या मिलिमीटरहून खोल असेल तर मात्र मी घासत बसणार नाही, घंटी बदलेन. एक फोटो टाका ना, उजेडात, बोटांच्या कडा दिसतील असा.