खारवट मातीत पान गडद हिरवं, मग वाढ का खुंटते?

प्रश्न:
घेवड्याच्या दोन कुंड्या शेजारी शेजारी ठेवल्यात, एकीला साधं पाणी आणि दुसरीला रोज चिमूटभर मीठ घातलेलं. तीन आठवडे झाले. मला वाटलेलं मिठाच्या कुंडीतली पानं पिवळी पडतील पण उलट ती जास्त गडद दिसतायत, फक्त लहान आहेत आणि बोटात धरली की जाडसर लागतात, आणि झाड निम्म्यावरच अडकलंय. हरितद्रव्य जास्त तर प्रकाशसंश्लेषण जास्त ना? मग अन्न जातंय कुठे?

उत्तर १:
दादा, रंगावर जाऊ नका. हरितद्रव्य वाढलेलं नाही, पेशी लहान राहिल्यात म्हणून ते कमी जागेत दाटीने बसलंय. मातीत मीठ आलं की मुळांना पाणी ओढायला जड जातं, म्हणजे माती ओली दिसते आणि झाड मात्र तहानलेलं. मग झाडात ॲब्सिसिक ॲसिड (ताणाचा इशारा देणारं संप्रेरक) वाढतं आणि पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, मिटायला लागतात, त्याने पाणी वाचतं खरं पण कार्बन डायऑक्साइड पण त्याच वाटेने आत येतो, तो अडला की साखर बनणार कशातून? त्यात पानंच लहान, म्हणजे अख्ख्या झाडाला ऊन मिळणार तेच कमी. माझ्या मते सुरुवातीचं मोठं नुकसान इथेच होतं, आणि गडद पान बघून लोक निर्धास्त राहतात.

उत्तर २:
वरचं बरोबर, पण हा पहिला टप्पा झाला. नंतर सोडियम आणि क्लोराइड पानात साठत जातं, जुन्या पानात आधी. पेशीला पोटॅशियम लागतं, सोडियम त्याचीच जागा घेतो आणि एन्झाइमची कामं बिघडतात. वरून ऊन तर पडतंच, ती ऊर्जा वापरायला कार्बन डायऑक्साइड नाही, मग त्यातून ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात आणि फोटोसिस्टिम २ ला, म्हणजे पानातल्या प्रकाश पकडणाऱ्या यंत्रणेला, इजा होते, मग मात्र हरितद्रव्य खरंच कमी होतं. घेवडा या बाबतीत फार नाजूक, मातीच्या अर्काची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे खारटपणाचं माप) 1 डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पादन घटायला लागतं, बार्ली साधारण 8 पर्यंत तग धरते. खालची पानं बघा जरा.

प्रश्नकर्ता:
आत्ताच बघितली!! सगळ्यात खालच्या दोन पानांच्या कडा तपकिरी, चुरचुरीत झाल्यात, मधला भाग अजून हिरवा. मीठ थांबवलं तर झाड सावरेल का?

उत्तर १:
करपलेल्या कडा परत हिरव्या होणार नाहीत आणि जी पानं लहान राहिली ती मोठी होणार नाहीत. पण झाड फार खचलं नसेल तर पर्णरंध्रं उघडतील आणि नवीन पानं मोठी येतील. नुसतं मीठ बंद करून भागणार नाही, साधं पाणी भरपूर घाला, कुंडीच्या तळातून वाहून जाईल इतकं, दोनतीनदा. तळाला भोक आहे ना? नसेल तर सगळं मीठ आतच राहील.