कॅमेलियाचे फूल प्रदर्शनात मांडायचे असेल तर तयारी केव्हापासून करावी?

कण्हेर (सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी. आम्ही गेल्या वर्षी सॅक्रामेंटोतील एका जुन्या घरात राहायला आलो. घराच्या उत्तरेच्या भिंतीलगत कॅमेलियाची चार जुनी झुडपे आहेत, त्यांपैकी एक तर छपराला टेकले आहे. या शहराला 'कॅमेलिया सिटी' म्हणतात, कॅपिटॉल पार्कमध्ये कॅमेलियाचे स्वतंत्र उपवन आहे आणि येथील प्रदर्शनाची परंपरा १९२४ पासूनची आहे, हे मला येथे आल्यावरच कळले. या मार्चमध्ये ते प्रदर्शन पाहिले आणि पुढच्या वर्षी आपल्याही अंगणातली दोन-चार फुले तेथे मांडावीत, अशी फार इच्छा झाली.

अडचणी अशा आहेत. माझे फूल जेमतेम ३ इंच भरते, तर तेथे त्याच घडणीची ५ इंचांची फुले मांडलेली होती. प्रत्येक शेंड्याला तीन-चार कळ्यांचा झुबका येतो आणि त्यांतल्या बऱ्याचशा न उमलताच गळून पडतात. पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या तर उमलल्यावर दोन दिवसांत तपकिरी पडतात. काही फुलांच्या चिठ्ठीवर 'ट्रीटेड' असे लिहिलेले होते, त्याचा अर्थ काय? शिवाय माझ्या झुडपांच्या वाणांची नावे घराच्या आधीच्या मालकांनाही ठाऊक नव्हती. नावाशिवाय फूल स्वीकारतात का? आता जुलै संपत आला आहे. मार्चला अवकाश असला, तरी आत्तापासून काही करण्यासारखे असेल तर जाणकारांनी कृपया सांगावे.

देवचाफा (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

आपण अगदी योग्य वेळी विचारले आहे. प्रदर्शनाचे फूल मार्चमध्ये उमलते, पण ते घडते जुलै ते ऑक्टोबरमध्ये, आणि बहुतेक नवे लोक नेमके याच महिन्यांत झाडाकडे लक्ष देत नाहीत.

सर्वांत आधी कळ्यांची विरळणी करा. आत्ता शेंड्याकडे नीट पाहिलेत तर दोन प्रकारचे डोळे दिसतील: एक बारीक आणि टोकदार, तो पुढच्या वर्षीच्या पालवीचा, दुसरा गोल आणि फुगीर, ती फुलाची कळी. जिथे तीन-चार गोल कळ्या एकत्र आहेत तिथे एकच ठेवायची आणि बाकीच्या खुडायच्या. कोणती ठेवायची हे ठरवताना कळीची दिशा पाहावी. किंचित खाली किंवा बाजूला तोंड असलेली कळी ठेवली तर पावसाचे पाणी फुलात साचत नाही, आणि शेजारचे पान किंवा फांदी घासून पाकळीला ओरखडा उठणार नाही, हेही पाहावे. खुडताना कळी ओढू नये, देठाशी धरून हलकेच पिळावी, म्हणजे शेजारचा पालवीचा डोळा दुखावत नाही. छपराएवढ्या झाडाच्या सगळ्या कळ्या विरळणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. हाताशी येणाऱ्या, सावलीतल्या काही फांद्या निवडा आणि फक्त त्यांवर मेहनत घ्या. ३ इंचांचे फूल ४ इंचांपर्यंत जाण्यात या एका कामाचा वाटा सर्वांत मोठा असतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. कळ्या गळण्याची कारणे अनेक असतात, पण सॅक्रामेंटोच्या उन्हाळ्यात पारा सहज ३८ अंशांच्या वर जातो, तेव्हा माती एकदा कोरडी आणि एकदा चिंब अशी होत राहिली की त्याचा हिशेब झाड हिवाळ्यात कळ्या टाकून चुकते करते. कॅमेलियाची मुळे उथळ असतात, जमिनीच्या वरच्या काही इंचांतच पसरतात. म्हणून खोडाभोवती माती उकरू नये, फुलझाडे लावू नयेत. पाइनच्या सालींचे २-३ इंचांचे आच्छादन घालावे आणि ते खोडाला चिकटू देऊ नये. माती आम्लधर्मी हवी, सामू (पीएच) साधारण ५.५ ते ६.५ च्या दरम्यान. पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या दिसू लागल्या तर लोह मिळत नाही असे समजावे. अशा वेळी माती तपासून मगच गंधक किंवा लोह द्यावे. खत आता थांबवा. ऑगस्टनंतर नत्र दिले तर कोवळी पालवी फुटते आणि थंडीत ती मार खाते.

'ट्रीटेड' म्हणजे जिबरेलिक आम्ल दिलेले फूल. येथील बागकाम करणारे त्याला 'जिबिंग' म्हणतात. आपल्या नाशिककडचे द्राक्षबागायतदार मणी फुगवण्यासाठी जे 'जीए' वापरतात, तेच हे संजीवक. फरक पद्धतीचा आहे. द्राक्षाच्या घडांना ते अगदी पातळ करून फवारतात किंवा घड त्यात बुडवतात. येथे मात्र फुलाच्या कळीशेजारचा पालवीचा डोळा मोडायचा, त्याच्या तळाशी जी इवलीशी वाटी उरते तिच्यात तीव्र द्रावणाचा एकच थेंब सोडायचा. साधारण १ ग्रॅम भुकटी ६० मिलिलिटर पाण्यात, भुकटी विरघळावी म्हणून त्यात अमोनियाचे काही थेंब, असे प्रमाण रूढ आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून हे करतात. फूल मोठे होते आणि कित्येक आठवडे आधी उमलते, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरच्या प्रदर्शनांत दिसणारी बरीचशी मोठी फुले अशीच तयार केलेली असतात. यात फसवणूक काहीही नाही, कारण अशी फुले वेगळ्या वर्गात मांडतात. आपल्याला मार्चमध्ये फुले हवी आहेत, तेव्हा पहिल्या वर्षी याच्या वाटेला न गेलेलेच बरे.

नावाबद्दल: मुख्य वर्गांत फूल वाणाच्या नावानेच मांडावे लागते. पण ओळख पटवून देणारी अनुभवी मंडळी बहुतेक प्रदर्शनांत भेटतात. फूल एकटे नेऊ नका. पाने आणि एखादी न उमललेली कळी असलेली लहान डहाळी न्या. पानाची कड, कळीचा रंग आणि पुंकेसरांची ठेवण यांवरून पुष्कळ जुने वाण ओळखता येतात. जुन्या कॅलिफोर्नियन अंगणांत 'पिंक परफेक्शन', 'डेब्यूटंट', 'अल्बा प्लेना' हे वाण वारंवार आढळतात, त्यामुळे तुमच्याकडेही त्यांतला एखादा असण्याचा चांगला संभव आहे.

प्राजक्त (जॉर्जिया, अमेरिका)

देवचाफा यांनी कळ्यांविषयी सविस्तर लिहिले आहेच. मी पाकळ्या तपकिरी पडण्याविषयी लिहितो, कारण त्याची दोन निराळी कारणे असतात आणि उपायही निराळे आहेत.

फक्त कडा तपकिरी असतील, तीही उन्हाकडच्या बाजूच्या, तर ते दव किंवा गारठा आणि त्यावर पडलेले सकाळचे ऊन यांचे काम. उत्तरेच्या भिंतीलगत हे कमी होते. पण तपकिरी ठिपका मध्येच उमटून पसरत गेला आणि दोन दिवसांत सगळे फूल मऊ, तपकिरी झाले, तर तो बहुधा पाकळीकरपा. फूल उलटे करून मागचे हिरवे निदल काढून पाहा. पाकळ्यांच्या बुडाशी पांढरट-करड्या बुरशीचे कडे दिसले तर शंका उरत नाही. ही 'सिबोरिनिया कॅमेली' नावाची बुरशी फक्त पाकळ्यांना धरते, पाने आणि खोड यांना काही होत नाही. गळलेल्या फुलात तिचा काळा, कडक गड्डा तयार होतो, तो मातीत वर्षानुवर्षे टिकतो आणि पुढच्या हिवाळ्यात-वसंतात त्यातून छत्र उगवून बीजाणू हवेत उडतात. या रोगात एका फुलावरून दुसऱ्या फुलावर लागण होत नाही. प्रत्येक लागण जमिनीतून वर येते. म्हणून फवारणीपेक्षा झाडलोट महत्त्वाची. पडलेले प्रत्येक फूल उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकावे, कंपोस्टमध्ये कधीही टाकू नये. आणि हिवाळा सुरू होण्यापूर्वी जुने आच्छादन काढून नवे जाडसर घालावे. शेजाऱ्यांच्या अंगणातही कॅमेलिया असेल तर त्यांनाही यात सामील करून घ्या, कारण बीजाणू कुंपण मानत नाहीत.

आमच्याकडे आणखी एक शत्रू म्हणजे मुळे कुजवणारी फायटोफ्थोरा बुरशी. कॅमेलियाच्या दोन जातींपैकी जपोनिका तिला लवकर बळी पडते, सासान्क्वा बरीच तग धरते. म्हणून येथे पुष्कळ जण सासान्क्वाच्या खुंटावर जपोनिकाचे कलम करतात. जमीन चिकण असेल तर नवे झाड खड्ड्यात न लावता उंचवट्यावर लावावे.

कधी या बाजूला येणे झाले तर फोर्ट व्हॅलीजवळील मॅसी लेन उद्यान अवश्य पाहा. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कॅमेलिया सोसायटीचे मुख्यालय तेथेच आहे. फेब्रुवारीत तेथे फिरताना एकेका वाणाच्या पूर्ण वाढलेल्या झाडाखाली उभे राहता येते, आणि कोणता वाण आपल्या अंगणात हवा हे चित्रांपेक्षा तेथे लवकर ठरते.

बकुळ (लंडन)

जिबिंगबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे, ते नोंदवतो. वेगळा वर्ग असला, तरी प्रेक्षकाची नजर सगळ्यांत मोठ्या फुलावरच खिळते आणि लहान, रेखीव वाण मागे पडतात. कॅमेलियाचे सौंदर्य आकारमानात नसून घडणीत आहे. 'अल्बा प्लेना'सारख्या वाणात एकही पुंकेसर दिसत नाही. शंभराच्या आसपास पाकळ्या एकीवर एक कौलांसारख्या बसलेल्या असतात आणि मधोमध शेवटपर्यंत एक मिटलेली कळी राहते. १७९२ मध्ये चीनहून इंग्लंडला आलेला हा वाण आजही लोक हौसेने लावतात, आणि त्याचे फूल काही प्रचंड नसते.

येथे चिझिक हाउसच्या काचघरात कॅमेलियाचा जुना संग्रह आहे. काचघर १८१३ चे आणि त्यातली काही झाडे १८२८ च्या सुमाराची. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेथे कॅमेलिया पाहायला गर्दी होते. दोनशे वर्षांच्या जवळ आलेले झुडूप भरभरून फुलते हे पाहिल्यावर जुन्या झाडाविषयीचा आदर वाढतो. कण्हेर यांनी ते छपराला टेकलेले झाड कोणाच्या सांगण्यावरून मुळासकट काढू नये, एवढी कळकळीची विनंती.

कॉर्नवॉलमधील केअरहेज येथे जे. सी. विल्यम्स यांनी जपोनिका आणि चीनच्या युन्नानमधून आलेली सॅल्युएनेन्सिस या जातींचा संकर करून जी झाडे तयार केली, त्या विल्यम्सी संकरांचा एक मोठा गुण असा की सुकलेली फुले आपोआप गळतात. पुष्कळशा जपोनिका सुकलेली फुले तशीच धरून ठेवतात आणि झाड मळकट दिसते. नवे झाड घेणार असाल तर याचाही विचार करावा.

जुई (पुणे)

विषय प्रदर्शनाचा असला तरी एक विचारू का? दर जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला आम्ही आवर्जून जातो. पुण्यात गच्चीवर कुंडीत कॅमेलिया जगेल का? एका रोपवाटिकेने 'नक्की येईल' असे सांगितले आहे, पण किंमत पाहता धीर होत नाही.

देवचाफा (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

जुईताई, झाड जगवणे आणि ते फुलवणे यांत अंतर आहे. कॅमेलिया ही चहाचीच सख्खी बहीण. जिथे चहा सुखाने वाढतो तिथे तीही रमते. दार्जिलिंग किंवा शिलाँगच्या बागांत ती दिसते ती त्यामुळेच. पुण्यात तीन गोष्टी आड येतात: एप्रिल-मे मधले कोरडे ऊन, बोअरचे जड पाणी आणि चुनखडीयुक्त काळी माती. मातीचा प्रश्न कुंडीमुळे सुटतो, पण जड पाणी घालत राहिल्यास काही महिन्यांत कुंडीतल्या मिश्रणाचा सामू वर चढतो.

माझा सल्ला असा की आधी अनंत लावून पाहा. त्यालाही आम्लधर्मी माती लागते, चुना जास्त झाला की त्याचीही पाने तशीच पिवळी पडतात आणि पाण्याची हेळसांड झाली की त्याच्याही कळ्या गळतात. अनंत तुमच्या गच्चीवर वर्षभर हिरवागार राहून चांगला फुलला, तर पावसाचे साठवलेले पाणी आणि सकाळचेच ऊन मिळणारा कोपरा देऊन एखादी सासान्क्वा आणायला हरकत नाही. ती जपोनिकापेक्षा ऊन अधिक सोसते. जपोनिकावर मात्र पुण्यात पैसे घालू नयेत, असे मी स्पष्टच सांगेन.

कण्हेर (सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया)

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी खालच्या फांद्यांवरच्या कळ्या पाहिल्या, गोल आणि टोकदार हा फरक लगेच ओळखता आला. बकुळ यांनी काळजी करू नये, झाड काढण्याचा विचारही नाही. दोनच शंका उरल्या आहेत: उंच झाडाची छाटणी आता करावी का, आणि फूल प्रदर्शनापर्यंत न चुरगळता कसे न्यावे?

देवचाफा (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

छाटणी आता नको. आता छाटाल ते सगळे कळ्यांसकट जाईल. बहर संपल्यावर, नवी पालवी फुटण्याच्या आधी ती करावी. तेव्हा शेंडे सरसकट कापण्यापेक्षा आतल्या वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या काड्या काढाव्यात, म्हणजे हवा खेळती राहते आणि खवले किडीला आसरा मिळत नाही. ती कीड पानांच्या मागच्या बाजूला पांढरट दिसते; पानाची वरची बाजू पिवळ्या ठिपक्यांची झाली की पान उलटून पाहायची सवय ठेवा.

फुलाचे म्हणाल तर प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी, पाकळ्या कोरड्या असताना, नुकतेच पूर्ण उमललेले फूल कापावे. पाऊस येणार असेल तर दोन दिवस आधी कापून घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये ठेवता येते. मात्र त्याच फ्रीजमध्ये सफरचंदे, केळी नकोत, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने फूल लवकर उतरते. डब्यात कागदाच्या बारीक पट्ट्यांचे घरटे करावे, फूल त्यात मागच्या बाजूने टेकवावे आणि पाकळ्यांना डब्याच्या बाजूचा किंवा शेजारच्या फुलाचा स्पर्श होऊ देऊ नये. बोट लागलेली जागा पांढऱ्या पाकळीवर काही तासांत तपकिरी उमटते, म्हणून फूल नेहमी देठाने किंवा खालच्या पानाने धरावे. पुंकेसर दिसणारे वाण असतील तर मऊ कुंचला सोबत ठेवा. वाटेत पाकळ्यांवर सांडलेले पिवळे पराग टेबलावर मांडण्यापूर्वी हलकेच झाडता येतात. परीक्षक ताजेपणा आणि डागविरहित पाकळी यांना फार महत्त्व देतात, त्यामुळे डाग पडलेल्या ५ इंचांच्या फुलापेक्षा निर्मळ असे साडेतीन इंचांचे फूल नेलेले केव्हाही चांगले. नवख्यांसाठी वेगळा वर्ग असतो का, हे प्रदर्शनाचे वेळापत्रक जाहीर झाल्यावर त्यात आधी पाहून घ्या. फुले स्वीकारण्याची वेळ सकाळी लवकर संपते, तीही त्यातच दिलेली असते.