युगांडात गोरिला ट्रेक : कोल्हापुरातून काय तयारी?

रंकाळाकर : जुलैत चौघं युगांडातल्या ब्विंडीच्या जंगलात गोरिला बघायला निघालोय. पन्हाळा-पावनखिंड पायी होते, तेवढा दम पुरेल का? गोरिलाच्या किती जवळ जाता येतं?

मसाईपठार : दम पुरेल. फरक एवढाच की तिथं मळलेली वाट संपली की कोयत्यानं झाडी तोडत जातात, उतार निसरडे. हात लावला की आग होणारा पाला भरपूर, म्हणून बागकामाचे जाड हातमोजे घ्या, पॅन्ट मोज्यात खोचा. पोर्टर (सामान उचलणारा) घ्याच, चिखलात तोच हात देतो.
परमिट 800 डॉलरचं. त्यावर जंगलाचा कुठला भाग आहे, बुहोमा, रुहिजा, रुशागा की न्कुरिंगो, ते आधी बघा आणि मगच त्या भागाजवळ हॉटेल बुक करा. उलटं केलं की पहाटे घाटरस्त्यात अडकलात म्हणून समजा.

औषधवाला : पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच, निघण्याआधी किमान 10 दिवस, दाखला त्यानंतरच लागू होतो. परतताना तो नसला तर विमानतळावरच विलगीकरण.
सर्दी-खोकला असेल तर आधीच सांगा. आपलं साधं पडसं गोरिलांच्या फुफ्फुसावर जातं. म्हणून मास्क, 10 मीटर अंतर, 8 जणांचा गट, एकच तास. 15 वर्षांखालची पोरं नाहीत.

रंकाळाकर : नर अंगावर आला तर?

मसाईपठार : पळायचं नाही भावा! खाली बसा, नजर जमिनीवर, गाईडचं ऐका. बहुतेकदा नुसती धमकी असते. पिल्लू जवळ आलं तर आपणच मागं सरायचं. फ्लॅश बंद.