फिल्टर टायरवर आपटू नका

काळा धूर आणि नांगरताना ट्रॅक्टरचा दम तुटणं म्हणजे बहुतेक वेळा एअर फिल्टर (इंजिनात जाणारी हवा गाळणारा) चोंदलाय, हे बरोबर. पण तो 'टायरवर आपटून साफ करा' असं काहीजण सांगतात, ते अजिबात करू नका. कागदी फिल्टरच्या कडा चेपतात, मग सील नीट बसत नाही. हवा मारायची ती आतून बाहेर, ३० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आत, नोझल लांब धरून.

आणि साफ केल्यावर अंधारात फिल्टरच्या आत बॅटरी लावून बघाच. सोयाबीनच्या मळणीनंतर आमचा फिल्टर वरून अगदी स्वच्छ दिसत होता, बॅटरी लावली तर एका घडीतून सुईएवढा उजेड! तेवढ्या भोकातून जाणारी धूळ इंजिनातला पिस्टन आणि तो ज्यात वरखाली होतो ते लायनर घासून टाकते. तो फिल्टर त्याच दिवशी बदलला. आतला छोटा सेफ्टी फिल्टर असेल तर तो मात्र साफ करायचा नसतो, नवाच टाकायचा.