शाळेच्या बाँडला 'हो' म्हणायचं की 'नाही'? (कॅलिफोर्निया)

मेधा: या निवडणुकीत आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा, बाँड मतपत्रिकेवर आहे. शाळांच्या बांधकामासाठी कर्जरोखे काढायचे आणि घरमालकांच्या प्रॉपर्टी टॅक्समधून फेडायचे. ५५ टक्के मतं लागतात. आमचं अजून ग्रीन कार्डच रांगेत अडकलंय, नागरिकत्व तर लांबच, त्यामुळे टॅक्स भरतो पण मत देता येत नाही. ज्यांना येतं त्यांना कळकळीची विनंती, 'हो' म्हणा. मुलाचा वर्ग पोर्टेबलमध्ये, म्हणजे आवारात आणून ठेवलेल्या तात्पुरत्या खोलीत, भरतो. गेल्या पावसात पालकसभेला गेले तर छताची टाइल फुगून पिवळी पडलेली, खाली बाईंनी ठेवलेली निळी बादली, आणि तेवढी जागा सोडून मांडलेली बाकं. पोरं रोज तिथे बसतात हो!

अरुणकाका: मेधा, तुझा जीव तुटतोय ते कळतंय. तरी माझं मत 'नाही'. आधीचे दोन बाँड अजून फिटलेले नाहीत. पट घटतोय, आपल्याकडेच नाही, राज्यभर. उद्या ज्या शाळा बंद कराव्या लागतील त्यांची आज डागडुजी करायची आणि व्याज वर्षानुवर्षं भरायचं? त्यातून शिक्षकांच्या पगाराला यातला एक डॉलरही वापरता येत नाही. घरभाडं परवडत नाही म्हणून चांगले शिक्षक गाव सोडून चाललेत, त्याचं काय?

मेधा: काका, पगाराचं खरंय. पण म्हणून गळकं छत तसंच ठेवायचं का? आपल्यासारख्या युनिफाइड, म्हणजे प्राथमिक ते हायस्कूल सगळ्या शाळा एकत्र चालवणाऱ्या, डिस्ट्रिक्टला अशा एका निवडणुकीतल्या बाँडसाठी करपात्र किमतीच्या दर लाखामागे वर्षाला ६० डॉलरची मर्यादा आहे. तुम्ही घर १९९१ ला घेतलंत. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या मतदारांनीच मंजूर केलेल्या कायद्यामुळे तुमची करपात्र किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त चढत नाही. ती ४ लाख धरली तर जास्तीत जास्त २४० डॉलर. आमची १४ लाख, म्हणजे ८४०. तरी आम्हीच 'हो' म्हणा म्हणतोय.

सचिन: मी सॅन डिएगोकडचा. इथल्या पोवे युनिफाइडनं २०११ मध्ये साडेदहा कोटी डॉलर उचलले. पहिली वीस वर्षं हप्ता नाही, व्याजावर व्याज, आणि फेड जवळपास शंभर कोटींची! २०१३ च्या कायद्यानं असल्या रोख्यांची फेड मुद्दलाच्या चौपटीपर्यंतच येऊ शकते. चौपटसुद्धा थोडी नाही. ताई, तुमचं डिस्ट्रिक्ट कुठल्या प्रकारचे रोखे काढणार आहे ते आधी विचारा.

अरुणकाका: माझं दुखणं तेच. कामांची यादी बसून वाचली. सगळ्या शाळांची नावं आहेत, पण आधी कुठली, हे कुठेच नाही. गळणारे पोर्टेबल पहिल्या टप्प्यात काढू असं डिस्ट्रिक्टच्या बोर्डानं ठराव करून सांगितलं, तर मी माझं मत बदलीन. २४० डॉलरसाठी पोरांना ओल्यात बसवणारा माणूस मी नाही.

मेधा: मंगळवारच्या बोर्ड मीटिंगला मी हे दोन्ही प्रश्न विचारते. काका, तुम्हीही या, घ्यायला येते. मी मतदार नाही. तुम्ही विचारलंत तर त्यांना उत्तर द्यावं लागेल.

अरुणकाका: येतो. साडेसहाला तयार असेन. बादलीचा फोटो असेल तर आण.