फ्लॅटसाठी कुत्रा: लॅबचं पिल्लू, पग की मोठी देशी मादी?

कोथरूडची_सावनी
पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट आहे. घरात ७ वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाई. आम्ही दोघं नोकरीला, पण सासूबाई दिवसभर घरीच असतात. सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी अर्धा तास फिरवणं नक्की जमेल. समोर तीन पर्याय आहेत. एका ब्रीडरकडे लॅबची (लॅब्रॅडॉरची) ३५ दिवसांची पिल्लं आहेत. तो म्हणतो, केसीआयचा (केनेल क्लब ऑफ इंडियाचा) कागद आहे, लस झालीय, या आठवड्यात न्या. दुसरा पर्याय म्हणजे ओळखीतून मिळणारा दीड वर्षाचा पग. तिसरी, फोस्टरकडे (तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडे) असलेली देशी मादी, अंदाजे अडीच वर्षांची, नसबंदी झालेली. रंगरूपाचा हट्ट नाही. तब्येत आणि स्वभाव नेमका कसा तपासायचा?

गोचीडमार
आधी लॅबचं बोलू. ३५ दिवसांचं पिल्लू घेऊ नका, मग ते कितीही गोड असो. २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक मागा. कायदा बाजूला ठेवला तरी पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांना चावूनच शिकतात की किती जोरात चावलं की समोरचा खेळ सोडून जातो. हे शिकायच्या आत उचललेलं पिल्लू तुमच्या मुलाच्या हातावर तो धडा गिरवणार.

'लस झालीय' याचा अर्थही नीट विचारा. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती रक्तात असेपर्यंत लस पूर्ण लागू पडत नाही, म्हणून ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत डोस द्यावे लागतात. कार्डावर बाटलीचं स्टिकर आणि बॅच नंबर हवा, नुसती पेनने लिहिलेली तारीख चालणार नाही. पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) झालेलं पिल्लू विकत घेताना बहुधा ठणठणीत दिसतं, कारण लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात.

केसीआयचा कागद म्हणजे वंशावळ. त्यात तब्येतीबद्दल काही नसतं. लॅबमध्ये खुबा आणि कोपराच्या सांध्याचे दोष आनुवंशिक असतात, म्हणून आई आणि बाप दोघांचे, वयाचं एक वर्ष उलटल्यावर काढलेले एक्स-रे बघायला मागा. खुब्याचा एक्स-रे गुंगी देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय सरळ ताणून काढतात. कंबर तिरकी पडली तर फोटो फसवा येतो, त्यामुळे तो तुमच्या डॉक्टरांनाच दाखवा. 'आईबाप मस्त पळतात' हा पुरावा नाही, सौम्य दोष असलेले बरेच कुत्रे तरुणपणी लंगडत नाहीत. हळूहळू दृष्टी घालवणारा डोळ्यांचा पीआरए आणि व्यायामानंतर पाय लुळे पडणारा ईआयसी यांच्यासाठी डीएनए चाचणी असते. दोन्ही दोष अप्रभावी जनुकाचे, म्हणजे सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच आजार होतो, त्यामुळे चाचणी केलेल्या प्रकारासाठी आईबापांपैकी एक जरी 'क्लिअर' (ते जनुक नसलेला) असेल तर पिल्लांना तो आजार होत नाही.

आणि कॅल्शियमचं सिरप! आपल्याकडे लॅबच्या प्रत्येक पिल्लाला ते पाजतात. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला जास्तीचं कॅल्शियम शोषण्यापासून रोखता येत नाही, आणि त्यामुळे मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं वाकडी वाढू शकतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं देत असाल तर वरून काहीही घालू नका. गुळगुळीत फरशीवर चटया टाका. वजनावर नजर ठेवा. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चौथा हिस्सा लॅबमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल असतो. बोटांनी फासळ्या सहज लागायला हव्यात.

तुमच्या घरी खरी अडचण वेगळीच आहे. दहा महिन्यांचा लॅब सहज २५-३० किलोचा होतो आणि पट्टा ओढतो. सासूबाईंच्या हाती तो पट्टा एकदाही जाता कामा नये, आणि दुपारी दार उघडायला त्या एकट्याच असतात.

नाकपुडी
पगबद्दल. दीड वर्षाचा आहे हे बरं झालं, कारण श्वास पिल्लापेक्षा मोठ्या कुत्र्यात नीट तपासता येतो. आधी तो शांत बसलेला असताना ऐका, मग सकाळच्या गारव्यात ३ मिनिटं झपझप चालवा आणि लगेच पुन्हा ऐका. खरखर वाढली, थुंकीसारखा फेस आला, जीभ निळसर दिसली किंवा त्याने मध्येच बसकण मारली, तर श्वसनमार्ग अरुंद आहे. नाकपुड्या समोरून बघा: उभी बारीक फट दिसते की मोकळं छिद्र? घोरणं आणि झोपेत दचकून उठणं लोकांना गोंडस वाटतं, तो कुत्रा तेव्हा हवेसाठी झगडत असतो. टाळूचा मऊ भाग लांब असेल तर ऑपरेशन करतात. त्याने आराम पडतो, पण नाक लांब होत नाही.

कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये अरुंद श्वासाच्या कुत्र्याला दुपारी पंधरा मिनिटं वीज गेली तरी त्रास होतो. गळपट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या, मान आवळली की पगचा डोळा बाहेर येण्याचा धोका असतो. स्वभावाने पग मुलांशी छान असतो यात वाद नाही. श्वास मोकळा निघाला तरच विचार करा.

काळी_मनी
माझं मत देशी मादीच्या बाजूने. अडीच वर्षांच्या कुत्रीचा स्वभाव घडलेला असतो, तो डोळ्यांनी बघता येतो. सात आठवड्यांच्या पिल्लाच्या चाचणीवरून मोठेपणीच्या स्वभावाचा अंदाज फार कच्चा निघतो, तिथे आईचं वागणं बघणं जास्त कामाचं.

वेगवेगळ्या वेळी दोन-तीनदा जा. बेल वाजल्यावर काय करते, कुकरच्या शिट्टीला काय करते, लिफ्टमध्ये अनोळखी माणूस शिरला तर काय करते, हे फोस्टरला विचारा आणि स्वतः बघा. दहा फुटांवर स्टीलची ताटली पाडा. दचकणं ठीक आहे, मी बघते ते सावरणं. अर्ध्या मिनिटात ताटली हुंगायला आली तर उत्तम. पलंगाखाली जाऊन दहा मिनिटं थरथरत राहिली तर दिवाळीत तुमच्या घरी हाल होतील.

मुलाला तिच्याकडे बाजू करून बसवा, तिच्यावर वाकू देऊ नका. तिला आपणहून येऊ दे. छातीवर तीन सेकंद हात फिरवून थांबायचं. ती जवळ सरकली तर हवंय, ओठ चाटले, जांभई दिली, मान वळवली किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दिसला तर नकोय. ती गुरगुरली तर कोणी ओरडू नका, ती सूचना देतेय हे चांगलंच आहे. खाताना भांड्यात हात घालून बघू नका. लांबून चिकनचा तुकडा भांड्यात टाका. अंग ताठ करून भराभर गिळायला लागली तर फोस्टरशी बोला.

सासूबाई काठी वापरतात का? रस्त्यावर वाढलेल्या अनेक कुत्र्यांनी काठीचा मार खाल्लेला असतो. आधी काठी भिंतीला टेकवून ठेवा, मग हातात धरून तिच्यापासून लांब चाला.

देशी म्हणजे आजार नाहीत, असं मात्र समजू नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून प्लेटलेट बघा, जुना गोचीडताप कधी कधी फक्त कमी प्लेटलेटमधूनच कळतो. एर्लिचियाची (गोचीडतापाच्या जंतूची) रॅपिड टेस्ट पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, उपचारानंतरही अँटिबॉडी बरेच महिने राहतात. निर्णय रक्ताचे आकडे आणि लक्षणं एकत्र बघूनच घ्यायचा. केस गेलेला भाग असेल तर खरवडून खरजेचे किडे तपासा.

कोथरूडची_सावनी
सासूबाई बाहेर जाताना काठी घेतात. रविवारी देशी मादीकडे त्यांना घेऊनच जाते. पसंत पडली तर लगेच घरी आणू का?

काळी_मनी
फोस्टर तयार असेल तर दोन आठवड्यांच्या बोलीवर आणा. पहिले तीन-चार दिवस पाहुणे नकोत, आंघोळ नको, मुलाचे मित्र तर अजिबात नकोत. झोपायची जागा कोपऱ्यात ठेवा आणि ती तिथे असताना मुलाने जायचं नाही. बाल्कनीच्या ग्रिलमधून तिचं डोकं जात नाही ना, ते आधी बघा. दाराबाहेर पडताना हार्नेस आणि गळपट्टा दोन्ही लावा, नव्या घरातले कुत्रे पहिल्या आठवड्यातच निसटतात. कागदांमध्ये रेबीजच्या लशीची तारीख, बॅच नंबर आणि नसबंदीचं पत्र मागून घ्या.